माणूस नव्हे, जागा राखा

फुटबॉलमध्ये कॉर्नरवर गोल झाला की दोष वाटण्याची दोन मापं निघतात. बचाव करणारा संघ ‘मॅन टू मॅन’ पद्धतीने, म्हणजे प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे आपला एकेक माणूस लावून खेळत असेल, तर चूक त्या एका खेळाडूची ठरते. त्याने आपला माणूस सोडला, त्याची उडी कमी पडली, त्याचं लक्ष नव्हतं. संघ ‘झोनल’ पद्धतीने, म्हणजे माणसांऐवजी गोलसमोरची जागा वाटून घेऊन उभा असेल, तर मात्र तसाच गोल पद्धतीच्या माथी मारला जातो. राफाएल बेनितेझ २००४ ते २०१० या काळात लिव्हरपूलचे प्रशिक्षक होते आणि त्यांचा संघ कॉर्नरला जागा राखत असे. त्या संघाने कॉर्नरवर गोल खाल्ला की इंग्लंडमध्ये ‘झोनल’चा पंचनामा सुरू होई. त्याच आठवड्यात माणसं राखणाऱ्या चार संघांनी तसेच गोल खाल्ले, तरी ‘मॅन टू मॅन’ पद्धतच चुकीची आहे असं कुणी म्हणत नसे. या दुटप्पी हिशेबामुळे मूळ प्रश्न बाजूला पडतो, तो म्हणजे कोणत्या पद्धतीत बचाव करणाऱ्याच्या हातात जास्त गोष्टी राहतात. कॉर्नर असो वा बाजूने मारलेली फ्री किक, बचावाचा कणा जागेवर उभारलेला असावा आणि माणसांमागे फक्त दोघा-तिघांना, तेही अडवण्यापुरतं लावावं, असं माझं मत आहे. संपूर्ण संघाने माणसांमागे धावणं ही सवय आहे. तिच्यामागचा तर्क आता टिकत नाही.

आधी या सगळ्याचं मोल किती, ते पाहू. सुटा कॉर्नर फारसा धोकादायक नसतो. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये शंभर कॉर्नरमागे साधारण तीन-चार गोल होतात. पण फुटबॉल हा मुळातच कमी गोलांचा खेळ आहे आणि तुल्यबळ संघांच्या सामन्यात निकाल बहुधा एका गोलावर लागतो. रशियातल्या २०१८ च्या विश्वचषकात १६९ गोल झाले. त्यातले ७३, म्हणजे पेनल्टी धरून दर दहापैकी चाराहून जास्त, थांबलेल्या चेंडूवरून सुरू झालेल्या खेळातून आले. विजेत्या फ्रान्सची वाटचाल पाहा. उपांत्यपूर्व सामन्यात उरुग्वेविरुद्ध पहिला गोल ग्रीझमनच्या फ्री किकवर वरानच्या डोक्याने झाला. उपांत्य सामन्यात बेल्जियमविरुद्धचा एकमेव गोल ग्रीझमनच्या कॉर्नरवर उमटिटीने केला. अंतिम सामन्यात ग्रीझमनची फ्री किक क्रोएशियाच्या मांजुकिचच्या डोक्याला लागून त्याच्याच जाळीत गेली. क्रोएशियाची बरोबरीही फ्री किकवरूनच आली. आणि फ्रान्सला पुन्हा आघाडी देणारी पेनल्टी कॉर्नरच्या वेळी पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्यामुळे मिळाली. जगज्जेतेपद ठरवणाऱ्या सामन्यातले पहिले तिन्ही गोल असे. आपल्याकडचं उदाहरणही बोलकं आहे. भारताने फिफाच्या विश्वचषक स्पर्धेत केलेला पहिला गोल, २०१७ च्या सतरा वर्षांखालील स्पर्धेत दिल्लीत कोलंबियाविरुद्ध जॅक्सन सिंगने मारलेला, संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर डोक्याने झाला. ताकद आणि अनुभवात सरस असलेल्या संघाला दुबळा संघ जिथे गाठू शकतो, ती ही जागा. म्हणून बचावाचा विचारही इथेच सर्वांत काटेकोर हवा.

माणसामागे माणूस लावण्याच्या पद्धतीतला दोष समजून घ्यायचा तर बचावपटूच्या डोळ्यांपासून सुरुवात करावी लागते. चेंडू कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी असतो. त्याचा माणूस पेनल्टी स्पॉटच्या आसपास, बहुधा विरुद्ध बाजूला. एकाच वेळी दोघांकडे पाहता येत नाही. माणसाकडे पाहिलं तर चेंडू कधी सुटला ते कळत नाही, चेंडूकडे पाहिलं तर माणूस निसटतो. उलट हल्ला करणाऱ्याला कुठे धावायचं, कधी धावायचं आणि चेंडू साधारण कुठे पडणार, हे तिन्ही ठाऊक असतं. ६८ मीटर रुंदीच्या मैदानात कोपऱ्यापासून जवळच्या पोस्टपर्यंतचं अंतर सुमारे तीस मीटर असतं. जोरात मारलेला चेंडू ते अंतर जेमतेम दीड-दोन सेकंदांत कापतो. एवढ्या वेळात जो दुसऱ्याच्या हालचालीवरून आपली हालचाल ठरवतो, तो उशिराच पोहोचणार. शिवाय कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड लागू होत नाही, त्यामुळे हल्लेखोराला हवं तिथून, अगदी गोलरक्षकाला खेटूनसुद्धा, सुरुवात करता येते. माणूस राखणारा बचावपटू अशा वेळी प्रतिस्पर्ध्याने निवडलेल्या जागी जाऊन उभा राहतो. गोलसमोरची कोणती जागा भरलेली आणि कोणती रिकामी राहील, हा निर्णय तो शत्रूच्या हाती सोपवतो.

या दुबळेपणाचा सर्वांत पद्धतशीर फायदा २०१८ च्या विश्वचषकात इंग्लंडने घेतला. गॅरेथ साउथगेट यांच्या संघाचे चार-पाच खेळाडू कॉर्नरच्या वेळी पेनल्टी क्षेत्रात एकामागे एक रांग लावून उभे राहत. रांगेला चिकटून उभं राहायचं तर प्रत्येक बचावपटूला आपल्या माणसाची बाजू धरताच येत नाही. रांग फुटली की कोण कुठे पळणार याचा अंदाज येत नाही. आणि पळताना इंग्लंडचाच एखादा खेळाडू मध्ये येऊन पाठलाग करणाऱ्याची वाट अडवतो. ही युक्ती बास्केटबॉलमधल्या ‘स्क्रीन’ची सख्खी बहीण, आणि साउथगेट यांनी त्या खेळाचा अभ्यास केल्याचं सर्वांना माहीत आहे. पनामाविरुद्ध आठव्याच मिनिटाला ट्रिपियरच्या कॉर्नरवर जॉन स्टोन्सने गोल केला तेव्हा त्याच्या आसपास कुणीच नव्हतं, कारण त्याच्यामागे धावणाऱ्यांच्या वाटा बंद झाल्या होत्या. त्या स्पर्धेत इंग्लंडच्या १२ गोलांपैकी ९ थांबलेल्या चेंडूवरून आले. इथे हे ध्यानात घ्यावं की स्क्रीनने फक्त पाठलाग अडवता येतो. जो मुळात पाठलाग करतच नाही, चेंडू पडण्याच्या जागेवर आधीपासून उभा आहे, त्याच्या वाटेत आडवं येऊन काही साधत नाही.

माणूस निसटू नये म्हणून बचावपटू काय करतो? धरतो. शर्ट ओढतो, कंबरेला मिठी घालतो, खांद्यावर भार टाकतो. अनेक वर्षं पंचांनी याकडे काणाडोळा केला आणि माणूस राखण्याची पद्धत या काणाडोळ्याच्या आधारावर टिकून राहिली. व्हिडिओ पंचांनी हा आधार डळमळीत केला. २०१८ च्या विश्वचषकात व्हिडिओ पंच पहिल्यांदा आले आणि २९ पेनल्टी दिल्या गेल्या, तोवरच्या कोणत्याही विश्वचषकापेक्षा जास्त. इंग्लंड-पनामा सामन्यातली एक पेनल्टी तर कॉर्नरच्या वेळी हॅरी केनला मिठी घालून पाडल्याबद्दलच होती. न्याय सगळीकडे सारखा झाला असं नाही. ट्युनिशियाविरुद्ध केनला दोनदा जवळजवळ कुस्तीच्या डावात धरलं गेलं आणि शिट्टी वाजली नाही. पण पंच कधी पाहतील, कधी पाहणार नाहीत, यावर बचाव उभारणं म्हणजे जुगार. एका कॉर्नरवर गोल होण्याची शक्यता शंभरात तीन-चार, आणि पेनल्टीवर गोल होण्याची शक्यता चारात तीन. ज्या पद्धतीत पहिला धोका टाळण्यासाठी दुसरा ओढवून घ्यावा लागतो, तिचा हिशेब मुळातच तोट्याचा आहे. जागा राखणाऱ्याला कुणाला धरण्याची गरजच पडत नाही. त्याची नजर चेंडूवर असते आणि हात मोकळे असतात.

जागा राखायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे नीट सांगायला हवं, कारण ‘झोनल’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर आपापल्या चौकोनात निवांत उभे असलेले खेळाडू येतात. गोलची रुंदी ७.३२ मीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि समोर साडेपाच मीटरपर्यंत पसरलेला छोटा चौकोन, म्हणजे गोल क्षेत्र. कॉर्नरवरचे बहुतेक धोकादायक हेडर या क्षेत्रातून किंवा त्याच्या लगत मारले जातात. पेनल्टी स्पॉट ११ मीटरवर आहे आणि तिथून डोक्याने मारलेला चेंडू बऱ्याचदा गोलरक्षकाच्या आवाक्यात येतो. म्हणून एक खेळाडू जवळच्या पोस्टच्या थोडा पुढे, आणि हवेत चेंडू जिंकणारे चौघे गोल क्षेत्राच्या रेषेवर, असे पाच जण जागा धरतात. तिघे त्यांच्या पुढे उभे राहून प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत घातक धावपटूंचा वेग मोडतात. त्यांनी चेंडू जिंकायचा नसतो, फक्त धाव बिघडवायची असते. एक जण पेनल्टी क्षेत्राच्या टोकाला, परत आलेल्या चेंडूसाठी. एक जण मैदानाच्या मध्याकडे. रेषेवरच्या चौघांना एकच हुकूम: आपल्या पट्ट्यात येणाऱ्या चेंडूवर पुढे झेपावायचं, मागे सरकायचं नाही. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षक फलंदाजाच्या पायांमागे फिरत नाही, चेंडू जिथे येण्याची शक्यता जास्त तिथे उभा राहतो आणि चेंडू सुटताच हलतो. कॉर्नरचा बचाव त्याच विचाराने करावा.

या पद्धतीवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा, की जागेवर उभ्या असलेल्या बचावपटूला उभ्याउभ्या उडी मारावी लागते आणि हल्लेखोर दहा मीटर धावत येऊन उडी मारतो. धावत आलेल्याची उडी उंच जाणारच. आक्षेप खरा आहे. निव्वळ जागा राखणारे, समोर एकही अडवणारा न ठेवणारे संघ याच कारणाने मार खातात. पण त्यातून निघणारं उत्तर ‘सगळ्यांनी माणसं धरा’ हे नव्हे. धावच होऊ दिली नाही तर धावत मारलेल्या उडीचा फायदाही उरत नाही, आणि वर सांगितलेल्या तिघांचं काम नेमकं तेच आहे. आज ज्याला मिश्र पद्धत म्हणतात ती हीच, आणि वरच्या पातळीवरचे बहुतेक संघ कमी-अधिक फरकाने तिच्याकडेच वळले आहेत. दुसरं असं की हवेतली चढाओढ फक्त उंचीवर ठरत नाही. बेल्जियमविरुद्ध उमटिटीने गोल केला तेव्हा त्याच्या लगत उडी मारणारा फेलायनी त्याच्यापेक्षा बारा सेंटिमीटरने उंच होता. उमटिटी जवळच्या पोस्टकडे आधी पोहोचला, चेंडूच्या आणि फेलायनीच्या मध्ये शिरला, एवढंच. आधी पोहोचणं हा जर निर्णायक घटक असेल, तर त्या जागेपासून दोन पावलांवर उभा असलेला बचावपटू दहा पावलं मागून येणाऱ्यापेक्षा सरस स्थितीत असतो. त्याने ती दोन पावलं वेळेवर टाकली पाहिजेत. आणि ते सरावाचं काम आहे.

दुसरा आक्षेप ताजा आहे. आर्सेनलने निकोलस जोव्हर या सेट पीसच्या, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरच्या खेळाच्या, खास प्रशिक्षकाच्या हाताखाली २०२३-२४ च्या प्रीमियर लीगमध्ये कॉर्नरवरून १६ गोल केले आणि एका हंगामातल्या विक्रमाशी बरोबरी साधली. त्यांची रीत अशी: पाच-सहा जण दूरच्या पोस्टपलीकडे एकत्र जमायचे, मग गोल क्षेत्रात घुसायचे, बेन व्हाइट प्रतिस्पर्धी गोलरक्षकाच्या अंगाला लागून उभा राहायचा, साका किंवा राइस गोलकडे वळणारा वेगवान चेंडू टाकायचा. टीकाकार म्हणतात, अशा गर्दीसमोर जागा राखणारे गुदमरतात, कारण पाच-सहा जण एकाच पट्ट्यावर तुटून पडतात आणि तिथे राखण करणारा एकटाच असतो. पण हाच प्रसंग माणसं राखणाऱ्या संघाच्या बाजूने पाहा. सहा हल्लेखोर गोलरक्षकाभोवती जमले की त्यांचे सहा राखणदारही तिथेच येतात, आणि आता गोलरक्षकाच्या वाटेत बारा जण उभे राहतात, त्यातले निम्मे त्याचेच सहकारी. गर्दी वाढवायला बचाव करणाऱ्यानेच हातभार लावलेला असतो. जागा राखणारा संघ निदान या सापळ्यात आपण होऊन पाय टाकत नाही. गर्दीवर त्याने करायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत: एका धिप्पाड खेळाडूने गोलरक्षक आणि त्याला खेटणारा यांच्यामध्ये उभं राहून वाट मोकळी ठेवायची, गोलरक्षकाने चेंडू पकडण्याचा हट्ट सोडून मुठीने दूर मारायचा, रेषेवरच्या चौघांनी चेंडू ज्या पोस्टकडे येतोय तिकडे एक पट्टा सरकायचं. खेळाडूला चेंडू खेळण्याऐवजी नुसतं अडवून धरणं नियमाबाहेर आहे, हेही वेळीच पंचांच्या नजरेला आणून द्यायचं. इतकं करूनही आर्सेनलसारखा संघ कधीतरी गोल करेल. त्याचं कारण चेंडू मारणाऱ्याची आणि धावणाऱ्यांची गुणवत्ता. माणसं राखून ती कमी होत नाही.

तिसरा आक्षेप जबाबदारीचा. माणूस वाटून दिला की जबाब कुणाला विचारायचा ते कळतं. जागा वाटून दिली की चेंडू दोघांच्या मधून जातो आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, असं म्हणतात. मला हे उलट वाटतं. ‘तुझा माणूस निसटला’ हा जबाब फक्त ऐकायला स्पष्ट वाटतो. तो स्क्रीनमुळे निसटला, चेंडू मारणाऱ्याच्या अचूकतेमुळे की गोलरक्षक पुढे न आल्यामुळे, हे त्यातून कळत नाही. जागेच्या पद्धतीत प्रश्न मोजता येण्याजोगे होतात: चेंडू कोणत्या पट्ट्यात पडला, त्या पट्ट्यातला खेळाडू कुठे उभा होता, त्याने पहिलं पाऊल पुढे टाकलं की मागे, अडवणाऱ्याने धावपटूला किती वेळ रोखलं. गूगल डीपमाइंड आणि लिव्हरपूल यांनी मिळून तयार केलेल्या ‘टॅक्टिकएआय’ या संगणकप्रणालीचा शोधनिबंध मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रीमियर लीगमधल्या ७,१७६ कॉर्नरच्या नोंदींवर ती बेतलेली आहे. कॉर्नरच्या क्षणी कोण कुठे उभा आहे आणि कुणीकडे हलतो आहे, यावरून चेंडू कुणाकडे जाईल आणि फटका बसेल का, याचा ती अंदाज बांधते आणि खेळाडूंच्या जागा थोड्या बदलून निकाल कसा बदलेल तेही सुचवते. लिव्हरपूलच्या तज्ज्ञांनी दहापैकी नऊ वेळा तिच्या सूचना प्रत्यक्षातल्या रचनेपेक्षा पसंत केल्या. त्या अभ्यासात झोनल पद्धत जिंकली, असं मी म्हणत नाही. तो त्याचा विषयही नव्हता. पण पाऊल-दोन पावलांच्या फरकाने कॉर्नरचं भवितव्य बदलतं, एवढं त्यातून नक्की दिसतं. तसं असेल तर ती पावलं आधी ठरवून ठेवणारी पद्धत जास्त सुधारता येण्याजोगी आहे.

फ्री किककडे वळलं की एक गंमत दिसते. कॉर्नरला माणसं धरा म्हणणारे प्रशिक्षकही बाजूने मारलेल्या फ्री किकला संघाला एका रेषेत उभं करतात, कारण तिथे ऑफसाइड लागू होतो आणि रेष हेच सर्वांत मोठं हत्यार असतं. म्हणजे जागेचा विचार त्यांनाही पटलेला आहे, फक्त कॉर्नरला ते तो विसरतात. इथला खरा प्रश्न रेष किती वर ठेवायची हा. फार खाली ठेवली तर हल्लेखोर गोलरक्षकाच्या अंगावर येतात आणि हलका स्पर्शही गोल ठरतो. २०१८ च्या अंतिम सामन्यात मांजुकिचचं झालं ते असंच. फार वर ठेवली तर मागची मोकळी जागा गोलरक्षकाला एकट्याने झाकावी लागते. त्याच विश्वचषकात सेनेगलविरुद्ध जपानने फ्री किक मारली जाण्याच्या बेतात असताना सगळी रेष एकदम पुढे धावत नेली आणि सेनेगलचा अख्खा जथा ऑफसाइडमध्ये सोडून दिला. ते धाडस रोज जमणारं नाही. पण चेंडू सुटेपर्यंत रेष न सोडण्याचा आणि सुटल्यावर सगळ्यांनी एकत्र मागे येण्याचा धडा कोणत्याही संघाला गिरवता येतो. थेट गोलवर मारल्या जाणाऱ्या फ्री किकची भिंतही जागेचाच बचाव: भिंत एक बाजू झाकते, गोलरक्षक दुसरी. २००६ मध्ये रोनाल्डिन्होने वेर्डर ब्रेमेनविरुद्ध उडी मारणाऱ्या भिंतीच्या पायांखालून गोल केला. २०१८ मध्ये सुआरेझने तेच करू पाहिलं तेव्हा इंटरचा ब्रोझोविच भिंतीमागे आडवा झाला होता, आणि नंतर ती रीतच पडली. २०१९ पासून तीन किंवा जास्त जणांच्या भिंतीपासून हल्लेखोरांना एक मीटर दूर राहावं लागतं, त्यामुळे भिंत फोडण्याची धक्काबुक्की थांबली. या सगळ्या सुधारणा मोकळी जागा ओळखून ती बुजवण्याच्या आहेत.

बचाव पहिल्या हेडरवर संपत नाही, आणि माणसं राखणारी पद्धत सर्वांत उघडी पडते ती त्यानंतरच्या क्षणात. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात भरपाईच्या वेळात मँचेस्टर युनायटेडने बायर्न म्युनिकवर कॉर्नरवरून दोन गोल केले. पहिल्यात बायर्नने अर्धवट फेकलेला चेंडू गिग्जकडे गेला आणि त्याच्या फटक्याला शेरिंगहॅमने दिशा दिली. दुसऱ्यात शेरिंगहॅमने जवळच्या पोस्टवर डोक्याने पुढे सरकवलेला चेंडू सोल्स्कियारने जाळीत ढकलला. दोन्ही गोल पहिल्या स्पर्शानंतर झाले. माणसांमागे पांगलेल्या संघाची रचना पहिल्या स्पर्शानंतर विस्कटलेलीच असते. रेषेत उभा असलेला संघ एकत्र पुढे सरकून दुसरा चेंडू मारणाऱ्याला ऑफसाइडमध्येही टाकू शकतो. म्हणूनच दोन्ही पोस्टवर माणूस ठेवण्याच्या जुन्या रिवाजाकडे मी साशंकपणे पाहतो. गोलरेषेवरचा माणूस कधीतरी एक चेंडू वाचवतो. पण जोपर्यंत तो तिथे आहे, तोपर्यंत दुसऱ्या चेंडूवर सहसा कुणी ऑफसाइड होत नाही, आणि रेषेतला एक उडी मारणारा कमी होतो. ‘सगळ्यांना मागे बोलवा’ हा हुकूमही तितकाच तपासण्यासारखा. २०१८ च्या विश्वचषकात बरोबरी असताना भरपाईच्या वेळात जपानने बेल्जियमवर कॉर्नर घेतला. कूर्त्वाने चेंडू अलगद झेलला, डी ब्रॉयनेकडे टाकला आणि काही सेकंदांत शादलीने गोल करून सामना संपवला. वर ठेवलेला एक चपळ खेळाडू प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन जण मागे बांधून ठेवतो. म्हणजे गोलसमोरची गर्दी, आपण एकही माणूस न वाढवता, कमी होते.

हे सगळं युरोपातल्या श्रीमंत क्लबांचं, आपल्याला काय उपयोग, असं कुणी म्हणेल. माझ्या मते आपल्याला जास्त उपयोग. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी गोव्यात बांबोळीच्या मैदानावर मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला २-० हरवून इंडियन सुपर लीगची लीग शील्ड मिळवली. पहिला गोल अहमद जाहूच्या फ्री किकवर मूर्तदा फॉलच्या डोक्याने. दुसरा, फ्री किकचा चेंडू बारवर आदळून परत आला तेव्हा ओग्बेचेच्या डोक्याने. जाहू आणि फॉल ही जोडी आधी एफसी गोवाकडून हेच करत होती, सर्जियो लोबेरा या त्याच प्रशिक्षकाच्या हाताखाली; फॉल या लीगमधला सर्वांत जास्त गोल करणारा बचावपटू ठरला. एकाच उंच माणसाने इतकी वर्षं इतके गोल करावेत आणि प्रतिस्पर्ध्यांनी ‘त्याला धरा’ एवढंच उत्तर शोधावं, यातच माणूस राखण्याची मर्यादा दिसते. त्याखालच्या पातळीवर, कोल्हापूरच्या तालीम संघांपासून मुंबईच्या शालेय स्पर्धांपर्यंत, अडचण वेगळी आहे. समोरच्या संघात हेडर कोण चांगला मारतो हे आधी ठाऊक नसतं, व्हिडिओ नसतो, सरावाला वेळ कमी असतो. माणसं वाटायची तर दर सामन्याला नव्याने, अंदाजाने वाटावी लागतात. एक खेळाडू बदली झाला की साखळी तुटते. जागा एकदा शिकल्या की हंगामभर त्याच राहतात, आणि बदली आलेला खेळाडू बाहेर गेलेल्याची जागा घेतो. आठवड्यातली वीस मिनिटं, दोन्ही बाजूंनी टाकलेले चेंडू, पुढे झेपावण्याची सवय: साधनं कमी असलेल्या संघाला परवडणारी हीच पद्धत आहे. मुलांच्या संघात तर तिचा आणखी एक लाभ आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला प्रतिस्पर्ध्याचा शर्ट धरायला शिकवण्यापेक्षा चेंडूचा मार्ग वाचायला शिकवणं त्याला पुढे सर्वत्र उपयोगी पडतं.

येत्या काळात हा प्रश्न मागे पडणार नाही. २०२५-२६ पासून गोलरक्षकाने आठ सेकंदांहून जास्त वेळ चेंडू हातात ठेवला तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर देण्याचा नियम लागू झाला आहे. पूर्वी सहा सेकंदांनंतर अप्रत्यक्ष फ्री किक होती आणि ती देताना पंच कचरत. कॉर्नर देण्यात त्यांना तेवढा संकोच वाटणार नाही, म्हणजे वेळकाढूपणाची किंमतही आता कॉर्नरमध्ये मोजावी लागेल. क्लब सेट पीससाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमत आहेत, हल्ल्याच्या युक्त्या दर हंगामात धारदार होत आहेत. अशा वेळी बचावाची पद्धत एका सामन्यातल्या एका गोलावरून निवडणं किंवा फेकून देणं चुकीचं आहे. शंभरात तीन-चार वेळा घडणाऱ्या गोष्टीचा निवाडा दहा कॉर्नरवरून होत नाही. त्यासाठी अख्ख्या हंगामातले कॉर्नर मोजावे लागतात, आणि त्यात गोलांबरोबर समोरच्याला किती स्पष्ट हेडर मिळाले, किती पेनल्टी दिल्या गेल्या, किती वेळा चेंडू जिंकून प्रतिहल्ला झाला, हेही धरावं लागतं. या चारही रकान्यांत जी पद्धत कमी खर्चात काम भागवते ती निवडावी. माझा कौल स्पष्ट आहे: पाच जण जागेवर, तिघे वाटेत, एक टोकाला, एक वर, आणि हंगाम संपेपर्यंत त्यात पहिल्या गोलानंतरच्या आरडाओरड्याने बदल न करणारा प्रशिक्षक.